सर, आज तुम्ही घरी बसा!

ऑफिसात कुणाला सस्पेंड केलं की दुसऱ्या दिवशी त्याचं कार्ड गेटवर चालत नाही. एचआरला काही दारात उभं राहून चेहरे ओळखत बसावं लागत नाही. मग शाळेच्या फुटबॉल टीमच्या कोचला रेड कार्ड मिळालं, पुढच्या मॅचची बंदी आली, आणि तरीही तो पुढच्या मॅचला टेचात बेंचवर येऊन बसला, तर त्याला उठवायचं कुणी?

‘रेफरीने! त्यात काय एवढं?’ माझी एक मैत्रीण ठणकावून म्हणाली. ती शाळेत गोलकीपर होती. त्यामुळे फुटबॉलच्या बाबतीत आमच्या ग्रुपमध्ये तिचा शब्द फायनल असतो. या वेळी मात्र मला तो पटेना.

कारण असा प्रकार मी पाहिलाय. काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात मी मुंबईतली एक आंतरशालेय स्पर्धा कव्हर करत होते. एका शाळेचे सर पंचांच्या अंगावर धावून गेले म्हणून आधीच्या सामन्यात बाहेर काढले गेले होते. पुढच्या सामन्याला बघते तर सर हजर! बेंचवर नाही हं. दोरीच्या पलीकडे, छत्री घेऊन. आणि शाळेचा एक माजी विद्यार्थी त्यांचे निरोप घेऊन छत्री ते बेंच, बेंच ते छत्री असा नुसता पळतोय. खेळणारी पोरं बारा-तेरा वर्षांची. त्यांना सगळं कळत होतं, आणि ती हसत होती. त्या दिवशीचा रेफरी वेगळा होता. छत्रीवाले गृहस्थ कोण, हे त्याला कुठून कळणार?

आता नियम काय म्हणतो ते बघू. फुटबॉलमध्ये जून २०१९ पासून कोचलाही पिवळं आणि लाल कार्ड दाखवता येतं. बेंचवरून नेमकं कोण बोललं ते कळलं नाही, तर कार्ड तिथल्या सीनिअर कोचच्या नावावर! लाल कार्ड मिळालं की मैदानाच्या आसपासही रेंगाळायचं नाही. सॉलिड कडक मामला आहे. पण कारवाई करण्याचा रेफरीचा अधिकार मॅचआधी तो मैदान तपासायला उतरतो तेव्हा सुरू होतो आणि मॅच संपवून तो मैदान सोडतो तेव्हा संपतो. पुढे त्याने रिपोर्ट द्यायचा. बंदी, तिचे सामने, अपील हे सगळं स्पर्धा घेणाऱ्या संघटनेचं खातं.

आणि बंदी मोडायचीच म्हटलं तर रेफरी काय करणार? २००५ मध्ये युएफाने चेल्सीच्या जोझे मोरिन्योवर दोन सामन्यांची बंदी घातली. समोर बायर्न म्युनिक. हा पठ्ठ्या दुपारपासूनच ड्रेसिंग रूममध्ये जाऊन बसला, आणि बाहेर आला तो मळक्या कपड्यांच्या बास्केटमध्ये लपून! पुढे त्यानेच हे कबूल केलं. आता रेफरीने शिट्टी वाजवायची की टोपल्या उचकायच्या?

आपल्या क्रिकेटमधलं उदाहरण घ्या. नोव्हेंबर २००१, पोर्ट एलिझाबेथ. सचिनवरच्या कारवाईने देश पेटला होता ना, तेच प्रकरण. त्यातच मॅच रेफरी माइक डेनेस यांनी वीरेंद्र सेहवागवर एका कसोटीची बंदी घातली. पुढे सेंच्युरियनला सेहवाग खेळला नाही, पण डेनेसना बाजूला ठेवून झालेला तो सामना आयसीसीने अधिकृत कसोटी मानलाच नाही. मग बंदी भोगून झाली की नाही? बीसीसीआय म्हणे झाली, आयसीसी म्हणे नाही. अखेर डिसेंबरात इंग्लंडविरुद्धच्या मोहाली कसोटीत सेहवाग बाहेर बसला, तेव्हा कुठे तिढा सुटला. तो दोन संघटनांनी सोडवला. मोहालीच्या अंपायरवर ते काम टाकलं असतं तर?

अमेरिकेत शालेय खेळ म्हणजे केवढं मोठं प्रस्थ! तिथे ओहायोच्या हायस्कूल संघटनेचा नियम असा, की गैरवर्तनासाठी बाहेर काढलेल्या कोचला पुढचे दोन सामने बंदी (त्यांच्या त्या अमेरिकन फुटबॉलमध्ये एक), वर दंड आणि वागणुकीचा ऑनलाइन कोर्स. रेफरी रिपोर्ट करतो, बंदी शाळेने पाळायची. तरीही २०१८-१९ ते २०२१-२२ या काळात तिथल्या शालेय खेळांतून सुमारे ५०,००० पंच बाहेर पडले, असं त्यांची राष्ट्रीय संघटनाच सांगते. कोच आणि पालकांचं वागणं हे त्यामागचं एक मोठं कारण. अशा वेळी पंचाला आणखी वॉचमनची ड्युटी द्यायची?

‘मग त्याने काय डोळे मिटून बसायचं?’ इति गोलकीपर.

अजिबात नाही. माझं म्हणणं एवढंच की रेफरीने आठवणीवरून किंवा कुणी कानात सांगितलं म्हणून बंदी लावू नये. त्याची आठवण चुकू शकते. अपिलात बंदी उठलेलीही असू शकते. आणि आधीच पंचावर धावून गेलेल्या माणसाला दुसऱ्या पंचाने पोरांसमोर ‘निघा’ म्हणायचं, म्हणजे नवा तमाशा. त्यापेक्षा संघटनेने मॅचआधी टीम लिस्टसोबत बंदी असलेल्यांची नावं लेखी द्यावीत. नाव त्यात असेल तर रेफरीने त्या कोचला खुशाल बेंच नाकारावा. कागद नसेल आणि शंका असेल तर आयोजकांना सांगावं, रिपोर्टमध्ये लिहावं आणि मॅच सुरू करावी.

पण खरा प्रश्न शाळेला विचारायला हवा. हेच सर टीम निवडतात, कॅप्टन ठरवतात. कुठला सातवीतला मुलगा त्यांना म्हणणार, ‘सर, आज तुम्ही घरी बसा’? हे फक्त मुख्याध्यापक म्हणू शकतात. त्यांना सर माहीत असतात, बंदी माहीत असते, आणि मॅचला टीमसोबत दुसरा शिक्षक पाठवणंही त्यांच्याच हातात असतं. पण सेमीफायनल असली की अनेकांना नेमका याचाच विसर पडतो.

तुमच्यापैकी कुणी वीकएंडला पोरांना कोचिंग देत असेल, कुणाची भाची किंवा पुतण्या शाळेच्या टीममध्ये असेल. पुढच्या पालकसभेत युनिफॉर्म आणि बसच्या वेळा झाल्या की एक प्रश्न नक्की विचारा: आमच्या कोचवर बंदी आली, तर त्या दिवशी टीमबरोबर कोण जाणार? उत्तर लगेच मिळालं तर मस्त. सगळे एकमेकांकडे बघायला लागले, तर उत्तर येईपर्यंत खुर्ची सोडू नका.