पंप बदलण्यापूर्वी विहिरीत दोरी सोडा

उन्हाळा लागला, की विहिरीवरील पंपाविषयी तक्रारी सुरू होतात. मोटार पूर्ववत फिरत असते. परंतु घरावरील टाकीत पाणी चढत नाही आणि बागेकडील नळास जोर राहत नाही. अशा वेळी ३ ऐवजी ५ अश्वशक्तीचा पंप बसविण्याचा सल्ला सहज दिला जातो व शेतकरी प्रसंगी कर्ज काढून तो मानतो. कारण न शोधता केलेला हा खर्च बहुधा वाया जातो.

काठावरील पंप पाणी ओढतो, असे म्हणण्याची रीत आहे. वस्तुतः पंप नळातील दाब कमी करतो आणि बाहेरील हवेचा दाब पाणी वर लोटतो. हा दाब समुद्रसपाटीस सुमारे १० मीटर उंचीचे पाणी तोलतो. पठारावर त्याहून काहीसे कमी. घर्षणादी तूट वजा जाता व्यवहारात ६ ते ७ मीटरच हाती राहतात. माघात ५ मीटरवर असलेले पाणी वैशाखात ९ मीटरवर गेले, तर मोठ्या अश्वशक्तीची मोटारही ते काठावर आणू शकत नाही. म्हणून पंपापासून पाण्यापर्यंतचे अंतर प्रथम दोरीने मोजावे. ते अधिक भरल्यास पंप विहिरीत खाली ओट्यावर बसवावा, अथवा पाणबुडी पंप वापरावा.

अंतर मर्यादेत असेल, तर दोष अन्यत्र शोधावा. हात लावण्यापूर्वी मुख्य स्विच अवश्य बंद करावा. पंपात भरलेले पाणी उतरत असेल, तर फूट व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला आहे किंवा त्याचे चामडे झिजले आहे, असे समजावे. धार तुटक व बुडबुड्यांची असेल, तर सक्शन नळाचे सांधे व ग्लँड तपासावे. ग्लँडमधून थेंब थेंब पाणी गळणे योग्यच होय. ते पूर्ण थांबेपर्यंत आवळल्यास दांडा झिजतो. वायरिंगच्या दुरुस्तीनंतर जोर घटला असेल, तर मोटार उलट फिरत नाही ना, हे पंपावरील बाणावरून पाहावे.

काळ्या पाषाणातील विहिरीचे झरे मर्यादित असतात. मोठ्या पंपाने उपसा वाढतो, झरा वाढत नाही. यास्तव गावपातळीवरील कार्यकर्त्याने नव्या पंपाची शिफारस करण्यापूर्वी स्वतः विहिरीवर जाऊन माप घेणे, हे त्याचे कर्तव्यच मानले पाहिजे. दोरीस व पान्यास लागणारा खर्च अल्प आहे. कर्जाचे हप्ते मात्र दीर्घकाळ फेडावे लागतात.