जांघेतल्या छिद्राचाही हिशेब द्या

अँजिओप्लास्टी झाली की नातेवाईक स्टेंटची चौकशी करतात; नळी घालताना जांघेतल्या धमनीला पडलेल्या छिद्राची क्वचितच. ते बुजवायची जुनी रीत म्हणजे पंधरा-वीस मिनिटं हाताने घट्ट दाबून धरणं आणि मग काही तास पाय न हलवता पडून राहणं.

‘अँजिओ-सील’ नावाचं साधन हेच काम काही मिनिटांत करतं. धमनीच्या आत चपटी पट्टी, बाहेर कोलॅजेनचा बोळा, दोन्ही आवळणारा टाका. सारं सुमारे 90 दिवसांत विरघळतं.

जाड नळी घालून हृदयाची झडप बदलताना छिद्र बुजवणारी साधनं सहसा लागतात. साध्या अँजिओप्लास्टीत मात्र शक्य तिथे मनगटाचाच मार्ग घ्यावा. रक्तस्राव कमी होतो.

फेब्रुवारी 2017मध्ये स्टेंटच्या किमतीला सरकारी मर्यादा आली. तसंच छिद्र बुजवणाऱ्या या साधनाचीही गरज आणि किंमत रुग्णाला आधी सांगावी, बिलात वेगळी दाखवावी.