आठातल्या चारच तारा

आषाढात तुकोबांची पालखी इंदापूरहून सराटीच्या मुक्कामाला निघते, ती आमच्या बावड्यावरून जाते. त्या दिवशी माझा फोटो स्टुडिओ बंद आणि दोन्ही कॅमेरे रस्त्यावर. दुसऱ्या दिवशी सराटीला पादुकांचं नीरास्नान असतं. गेल्या वर्षी तेही आटोपून घरी आलो, तेव्हा कार्डांमध्ये दोनशे जीबीच्या आसपास व्हिडिओ जमला होता. तो मागच्या खोलीतल्या स्टोरेजच्या डब्यात टाकायला लावला. दोन हार्ड डिस्क बसतात आणि लॅन वायरीने जोडला जातो, तो हा डबा. शहाणी माणसं त्याला ‘नॅस’ म्हणतात. कॉम्प्युटरने वेळ दाखवली : पाच तास.

तेवढ्या वेळात मी अकलूजला जाऊन बाजार करून दोनदा परत आलो असतो.

सल्ले द्यायला गावात माणसांची वाण नाही. शेजारचा मेडिकलवाला म्हणाला, इंटरनेटचा प्लॅन वाढवा. ज्याने डबा विकला तो म्हणाला, डबा जुना झाला, नवा मोठा घ्या. मी आधी प्लॅन वाढवला, कारण ते स्वस्तातलं होतं. फरक शून्य. पडणार तरी कसा? फाइल पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत जात होती. ती घराबाहेर पाऊलही टाकत नव्हती. माठातलं पाणी तांब्यात ओतायचं आणि त्यासाठी नळाला पाणी यायची वाट बघायची, असा तो प्रकार. पण आपल्याकडे कॉम्प्युटर हळू चालला की एकच वाक्य ठरलेलं असतं : ‘नेट स्लो आहे.’

डोकं चालवलं ते माझ्या भाच्याने. म्हणाला, “मामा, राउटरमध्ये बाहेरून येणारी वायर काढा.” काढली. इंटरनेट गेलं, कॉपी मात्र त्याच चालीने सुरू. “झालं. आता कंपनीला शिव्या द्यायचं बंद करा. आकडा किती दिसतोय?” सेकंदाला अकरा एमबी दिसत होते. तो हसायलाच लागला.

हा अकराचा आकडा ज्याच्या पडद्यावर दिसतो, त्याने पुढची ओळ नीट वाचावी. नेटवर्कचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइल मोजतात मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० मेगाबिटच्या जोडणीतून साडेबारा मेगाबाइट जायला हवेत. पत्ता, पावती असा वरखर्च वजा जाता हातात अकरा-बारा उरतात. १००० मेगाबिटची, म्हणजे गिगाबिटची जोडणी असेल तर एकशे दहाच्या पुढे मिळतात. माझा डबा गिगाबिटचा, कॉम्प्युटर गिगाबिटचा, मधला स्विचही गिगाबिटचा. तरी विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड दिसत होता १००.

इंदापूर तालुक्यातल्या माणसाला यापुढचं समजावून सांगावं लागत नाही. नीरा डाव्या कालव्याच्या टेलला जमीन असलेला शेतकरी पाणी आलं नाही म्हणून भाटघर धरण बदला म्हणत नाही. तो चारीच्या कडेने चालत जातो आणि पाणी कुठपर्यंत येतंय ते बघतो. भाच्याने तेच केलं. स्विच बाजूला ठेवून डबा उचलून पुढच्या खोलीत आणला आणि दीड मीटरच्या नव्या वायरीने सरळ कॉम्प्युटरला जोडला. एकशे बारा! म्हणजे डबा निर्दोष, कॉम्प्युटर निर्दोष. मग मध्ये स्विच जोडून तपासला, तोही सुटला. उरली भिंतीतली वायर.

भिंतीवरचा पॉइंट उघडला आणि चोर सापडला. लॅन वायरीत आठ तारा असतात, चार जोड्या. १०० मेगाबिटला दोनच जोड्या पुरतात. गिगाबिटला चारही लागतात. आमच्या पॉइंटमध्ये नारिंगी आणि हिरव्या जोडीच्या चार तारा लावलेल्या होत्या. निळी आणि तपकिरी जोडी? ती दारावरच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याला बारा व्होल्ट पुरवत होती. एका वायरीत दोन कामं! इलेक्ट्रिशियनने माझी बारा-पंधरा मीटर वायर वाचवली होती आणि त्या वेळी मीच त्याला शाबासकी दिली होती.

त्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. तेव्हाचा माझा कॉम्प्युटर १०० चाच होता. काम चोख चालत होतं. दोन्ही टोकांची यंत्रं जोडणी होताना किती वेगाने बोलायचं ते आपसात ठरवतात आणि तारा कमी पडल्या की बहुतेक वेळा गुपचूप खालचा वेग घेतात. तक्रार नाही, लाल दिवा नाही. म्हणून हा दोष वर्षानुवर्षं लपून राहतो. गावोगावी असे किती पॉइंट असतील, कोण जाणे. त्यात ‘कॉपर’ म्हणून विकली जाणारी, पण आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा अशी वायर बाजारात आहेच. तार ब्लेडने खरवडा; पांढरी निघाली तर फसलात.

नवी वायर ओढली, व्हिडिओ पळू लागले. पण एका लग्नाचे सहा हजार छोटे फोटो टाकले, तर गाडी परत रखडली. याचं कारण वेगळं. प्रत्येक फाइलसाठी कॉम्प्युटर डब्याला विचारतो : नाव हे, जागा आहे का, लिहू का, लिहिलं, बंद कर. साखर कारखान्याच्या काट्यावर भरलेली ट्रॉली एकदा चढवली की वजन झालं. तोच ऊस मोळी-मोळीने काट्यावर ठेवला तर रात्र होईल. अशा वेळी सगळे फोटो एका झिप फाइलमध्ये बांधून पाठवावेत.

कॉम्प्युटर आणि डबा ज्या भाषेत हे विचारतात, तिला एसएमबी म्हणतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये तिचा जन्म झाला. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या विद्यार्थ्याने १९९२ च्या सुमारास त्या भाषेचं फुकट रूप तयार करायला घेतलं. पुढे त्याचं नाव सांबा पडलं. आज घरगुती डब्यांत बहुतेक तेच असतं. त्याने केलं काय, तर दोन यंत्रांमधल्या तारेवरून काय जातंय ते बारकाईने पाहिलं. आम्ही मात्र तारेकडे सोडून सगळीकडे बघत होतो.

माझं नुकसान एका प्लॅनच्या पैशांवर भागलं. पण शाळांच्या कॉम्प्युटर लॅब, पतसंस्था, दूध संस्था, ग्रामपंचायती, सगळीकडे भिंतीतून वायरी गेल्या आहेत आणि बिलं दिली गेली आहेत, ती दिवा लागला एवढं बघून. याच भागातला ऊस उत्पादक काट्यात किलोभर फरक वाटला तरी आवाज उठवतो. तोच माणूस संस्थेचा संचालक झाला की वायरिंगच्या बिलावर न मोजता सही करतो. हे मला पटत नाही. कामाच्या करारात एक ओळ घाला : प्रत्येक पॉइंटवर लॅपटॉप लावून १००० चा लिंक आणि एका मोठ्या फाइलची कॉपी दाखवल्याशिवाय पैसे मिळणार नाहीत. वीस पॉइंटांना एक दुपार लागेल. नवे सर्व्हर घेण्याचा ठराव मांडण्याआधी जुन्या भिंतींवर हीच दुपार खर्च करा.

आमच्या त्या इलेक्ट्रिशियनला मी आठही तारा तपासणारा साधा टेस्टर घेऊन दिला आहे. आता तो प्रत्येक पॉइंट तपासून दाखवतो आणि त्याचे पन्नास रुपये जास्त मागतो. घासाघीस न करता द्या.