मशीनला बोल लावण्याआधी सुई पाहा



शिरूरच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या घरी शिवणकाम करतात. गावातल्या शाळेचे चाळीस शर्ट त्यांनी शिवून दिले आणि पंधरा दिवसांत त्यातले अकरा परत आले. काखेतली शिवण उसवलेली, खांद्याच्या टिपेला चुण्या पडलेल्या. रात्री जागून त्यांनी सगळे उसवून पुन्हा शिवले. त्याची मजुरी कोण देणार? मिस्त्री दोनदा येऊन गेला. शटल साफ केले, तेल घातले, पैसे घेतले. दोन दिवस बरे गेले आणि मशीन पुन्हा टाके सोडू लागले. शेवटी त्या विचारतात, "ताई, हे मशीन मोडीत काढून दुसरे घ्यावे का?"

मशीन मोडीत काढू नका. आधी सुई काढून पाहा, असे आम्ही त्यांना कळवले. त्यांचे उत्तर आले. सुई १८ नंबरची निघाली. दिवाळीच्या वेळी जाड पिशव्या शिवायला बसवली होती, ती तशीच राहिली. दोरा होता सुती, ब्लाउजांच्या कामातून उरलेला. कापड मात्र टेरिकॉटचे. सगळ्या दुखण्याचे मूळ इथेच आहे. शर्टाच्या कापडाला १८ नंबरची सुई म्हणजे कांदा चिरायला कुऱ्हाड घेण्यासारखे आहे.

शाळेच्या गणवेशाचे काम आज आपल्या अनेक भगिनींच्या घरात दोन पैसे आणते, म्हणून हा विषय लहान समजू नये. २०२४-२५ या वर्षी राज्य सरकारने 'एक राज्य एक गणवेश' योजनेत महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांच्या महिलांकडून गणवेश शिवून घेतले. उशिराच्या आणि मापे चुकल्याच्या तक्रारी आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय बदलला आणि २०२५-२६ पासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचे ठरले. म्हणजे आता आपले काम गावातल्याच माणसांच्या नजरेखालून जाणार. एक शिवण उसवली की ती सगळ्या गावाला दिसते.

आता सुईचा नंबर समजून घेऊ. पाकिटावर दोन आकडे असतात, जसे १४/९० किंवा १६/१००. यातला मोठा आकडा म्हणजे सुईची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ९० म्हणजे ०.९० मिलिमीटर, १०० म्हणजे एक मिलिमीटर. लहान आकडा हा त्याच जाडीचा बाजारात चालणारा नंबर. सुईचा नंबर वाढला की सुई जाड होते. दोऱ्याचे बरोबर उलटे असते. रिळावरचा नंबर वाढला की दोरा बारीक होतो. पॉलिस्टरचा १२० नंबरचा दोरा बारीक, ८० नंबरचा त्याहून जाड आणि ४० नंबरचा चांगलाच जाड. पुष्कळ भगिनींचा गोंधळ इथेच होतो, म्हणून हे दोनदा वाचावे.

टाका कसा पडतो हे एकदा कळले की बाकी सारे सोपे होते. हाताच्या सुईचे नेढे मागच्या टोकाला असते, मशीनच्या सुईचे नेढे टोकाशीच असते. एलियास हाऊ या अमेरिकन कारागिराने १८४६ साली ज्या शिवणयंत्राचे पेटंट घेतले, त्यातही नेढे टोकाशीच होते. सुई दोरा घेऊन कापडाखाली जाते. वर येऊ लागताच तिच्या पाठीमागे दोऱ्याचा छोटा फास तयार होतो. शटलचे टोक तो फास पकडते, बॉबिनचा दोरा त्यातून जातो आणि टाका बसतो. सुई वाकडी असेल, बोथट असेल किंवा सुई आणि दोरा यांचा मेळ नसेल, तर फास नीट तयार होत नाही. शटल रिकामे फिरते आणि टाका सुटतो. मिस्त्री शटलला तेल घालून गेला तरी दुखणे सुईतच राहते.

शिरूरच्या भगिनीचे नेमके असेच झाले. जाड सुईने टेरिकॉटला मोठी भोके पाडली, बारीक दोरा त्या भोकात सैल राहिला, मधूनमधून टाके सुटले. मुलाने हात वर केला, खेळताना ताण आला की काखेतून शिवण उसवली. शिवाय सुती दोरा धुतल्यावर आटतो, टेरिकॉट फारसे आटत नाही. दोरा आखडला आणि कापडाच्या चुण्या झाल्या. त्यांनी १४ नंबरची नवी सुई बसवली, वर आणि बॉबिनमध्ये १२० नंबरचा पॉलिस्टर दोरा घेतला. टाके सुटणे त्याच दिवशी थांबले. अकरा शर्टांची मजुरी मात्र गेली ती गेलीच.

भीमेच्या पलीकडची, दौंडची तक्रार याच्या उलट आहे. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत, त्यामुळे खाकी कपडा शिवायला येतो. जवळच कुरकुंभची औद्योगिक वसाहत, तिथल्या कामगारांचे जाड कपडेही येतात. तिथल्या एका भगिनीच्या सुया एकामागून एक मोडतात. त्या पँटला १४ नंबरची सुई वापरत होत्या. एकेरी कापडावर ती चालते. पण पट्ट्याच्या लूपवर, खिशाच्या कोपऱ्यावर आणि बसायच्या जागेच्या शिवणीवर चार-सहा थर एकत्र येतात. तिथे बारीक सुई कलते, खालच्या पट्टीवर आपटते आणि मोडते. अशा कामाला १६ नंबरची सुई आणि ८० नंबरचा दोरा घ्यावा. फारच जाड असेल तर १८ नंबर. गाठ आली की पायाने रेटू नये, चाक हाताने फिरवून ते चार टाके पार करावेत.

सुई मोडली तर तिचे तुकडे शोधल्याशिवाय पुढे शिवू नये. टोकाचा तुकडा कापडात अडकून राहतो. लहान मुलाच्या झबल्यात तो गेला तर काय होईल याचा विचार करावा. मोडक्या सुया एका डबीत जमा कराव्यात, केरात टाकू नयेत.

आता एकेक कापड घेऊ.

मलमल, वायल यांसारखे तलम सुती कापड ९ किंवा ११ नंबरच्या सुईने शिवावे. दोरा बारीक असावा. कापडापेक्षा दोरा फार भक्कम असेल तर ताण आल्यावर दोरा टिकतो आणि कापड फाटते. उसवलेली टीप पुन्हा मारता येते, फाटलेले कापड सांधता येत नाही.

ब्लाउजचे रुबिया आणि परकराचे पॉपलीन ११ किंवा १२ नंबरच्या सुईने छान शिवले जाते. परकराच्या नेफ्याला थर जास्त असतात, तिथे १४ घ्यावी. जाडसर सुती, खादी, मांजरपाट यांना १४ पुरते.

जॉर्जेट, शिफॉन, सॅटिन ही कापडे हातातून निसटतात. त्यांना नवी कोरी ९ किंवा ११ नंबरची सुई लागते. जुन्या सुईने धागे ओढले जातात आणि कापडावर रेघ उठते, ती इस्त्रीनेही जात नाही. १४ एप्रिलच्या आधी निळ्या सॅटिनचे झेंडे शिवताना ही रेघ अनेकींनी पाहिली असेल. कापड दातांत ओढले जात असेल तर खाली वर्तमानपत्राचा कागद ठेवून टीप मारावी आणि मग कागद हलकेच फाडून काढावा. रंगीत छपाईचा कागद मात्र घेऊ नये, डाग पडतो.

बनियन, टी-शर्ट, होजिअरी हे विणलेले कापड असते, त्यात धाग्यांचे फास गुंतलेले असतात. टोकदार सुई ते फास कापते आणि धुतल्यावर शिवणीच्या कडेला भोके दिसू लागतात. यासाठी गोल टोकाची, बाजारात 'बॉल पॉइंट' म्हणून मिळणारी सुई घ्यावी, ११ किंवा १४ नंबरची. ती फास बाजूला सारून जाते. दोरा पॉलिस्टरचाच हवा, कारण तो थोडा ताणला जातो.

जीन्स आणि ताडपत्रीसारखे कापड १६ किंवा १८ नंबरच्या सुईने शिवावे. टाका मोठा ठेवावा, इंचाला सात-आठ. साध्या कापडाला इंचाला दहा-बारा टाके योग्य. रेक्झिनला पडलेले भोक पुन्हा मिटत नाही, म्हणून तिथेही टाके लांब ठेवावेत, नाहीतर पोस्टाच्या तिकिटासारखे ते टिपेवरच फाटते. वाकळ मशीनवर घालायची असेल तर १८ नंबरची सुई घेऊन सावकाश शिवावी. थर फार असतील तर ती हातानेच घालावी, घरच्या मशीनचा जीव तेवढा नसतो.

दोऱ्याबद्दल थोडे सांगायचे राहिले. वर एक आणि बॉबिनमध्ये दुसरा असा दोरा वापरू नये. रीळ घेताना वीतभर दोरा ओढून पाहावा. सहज तुटला तर तो जुना झालेला आहे, स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. रंग जुळवताना रीळ कापडावर ठेवून भागत नाही, एक पदर सोडून कापडावर टाकावा. एकटा पदर रिळापेक्षा फिका दिसतो, म्हणून रंग तंतोतंत मिळाला नाही तर किंचित गडद घ्यावा. पॉलिस्टर दोऱ्याच्या शिवणीवर फार तापलेली इस्त्री दाबून धरू नये, दोरा वितळतो.

दोरा सुईला जुळतो की नाही हे पाहायची सोपी रीत आहे. हातभर दोरा सुट्या सुईत ओवावा, दोन्ही टोके ताणून दोरा तिरका धरावा. सुई आपोआप घसरत खाली आली तर मेळ बरोबर. अडकली तर सुई बारीक आहे, एक नंबर जाड घ्यावी.

सुईची परीक्षाही घरीच होते. सुईच्या वरच्या दांड्याची सपाट बाजू काचेवर ठेवून पाहावी. सुई आणि काच यांच्यातली फट टोकापर्यंत सारखी दिसली तर सुई सरळ आहे. टोक नखावरून हलके फिरवावे. ओरखडा उठला तर टोक खराब झाले. सुई बसवताना लांब खाच ज्या बाजूला, त्याच बाजूने दोरा ओवायचा असतो. सुई वरपर्यंत ढकलून मगच स्क्रू आवळावा. घरगुती मशीनच्या सुईवर एच-ए-एक्स-१ असे लिहिलेले असते आणि दांडा एका बाजूने सपाट असतो. कारखान्यातल्या जुकी मशीनची डी-बी-एक्स-१ सुई गोल दांड्याची असते, ती घरच्या मशीनला चालत नाही. दुकानात जाताना जुनी सुई सोबत न्यावी म्हणजे फसगत होत नाही.

खालचे कात्रण मशीनच्या खणात चिकटवून ठेवावे.

मलमल, वायल, शिफॉन, जॉर्जेट : सुई ९ किंवा ११, दोरा बारीक
रुबिया, पॉपलीन, सॅटिन : सुई ११ किंवा १२, दोरा १२०
टेरिकॉट, खादी, मांजरपाट : सुई १४, दोरा १२०
होजिअरी : गोल टोकाची सुई ११ किंवा १४, दोरा पॉलिस्टर १२०
खाकी, जाड पँट : सुई १६, दोरा ८०
जीन्स, ताडपत्री, वाकळ : सुई १६ किंवा १८, दोरा ४०

हे अंदाज आहेत. प्रत्येक नव्या कामाआधी त्याच कापडाच्या चिंधीवर, जितके थर शिवायचे तितके थर घेऊन वीतभर टीप मारून पाहावी. खालच्या बाजूला फास दिसले तर वरचा दोरा सैल आहे, थोडा आवळावा. वरच्या बाजूला बॉबिनचा दोरा ओढून आला तर वरचा ताण कमी करावा. मग टीप दोन्ही हातांनी ताणून पाहावी. चिंधीवर टीप तुटली तर नुकसान काही नाही.

शेवटी हिशोबाची गोष्ट. आठ तास शिवणकाम झाले की सुई बदलावी, असे जाणते कारागीर सांगतात. आपल्याकडे एक सुई मोडेपर्यंत चालवण्याची सवय आहे, कारण सुईचे पैसे आपण मजुरीत धरतच नाही. एका चहाच्या पैशात सुई येते. एक शर्ट उसवून पुन्हा शिवायला रात्रीचा एक तास जातो. शाळेच्या समितीला किंवा गिऱ्हाइकाला दर सांगताना कापड पाहूनच सांगावा आणि त्यात सुई, दोरा, तेल धरावे. हे मागायला संकोच वाटायचे कारण नाही. पुरुष शिंपी हे सारे धरूनच दर सांगतो.

शिरूरच्या त्या भगिनींनी आता मशीनच्या खणात चार नंबरांच्या सुया वेगवेगळ्या कागदात गुंडाळून ठेवल्या आहेत. काम संपले की कोणती सुई मशीनला आहे ते त्या खडूने मशीनच्या फळीवर लिहून ठेवतात. दौंडच्या भगिनींनी आणि बाकी सगळ्यांनीही हे करायला हरकत नाही.