तिच्या उपचारांसाठी कोण पुढे येणार?

नवरा दारूच्या आहारी गेला, तर बायको मंगळसूत्र गहाण टाकूनही त्याला उपचारांसाठी नेते. पण व्यसन घरातल्या बाईलाच लागले तर? मग ‘चारचौघांत कळायला नको’ हाच विचार आधी येतो. हाती पैसा नसतो, मुलांना सांभाळायला कोणी नसते. दुखणे मात्र वाढत जाते. पुरुषाइतकीच दारू घेतली, तरी स्त्रीचे यकृत लवकर बिघडते.

केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या पाहणीत मद्य घेणाऱ्या पुरुषांचे प्रमाण २७.३ टक्के आढळले, स्त्रियांचे १.६ टक्के. आकडा लहान म्हणून अशा स्त्रीचा एकटेपणा मोठा.

पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले ते एका देणगीमुळे. गर्दविषयीचे अनिल अवचट यांचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये दिले आणि १९८६ साली केंद्र सुरू झाले. त्याची धुरा डॉ. अनिता अवचट यांनी वाहिली. १९९७ साली कर्करोगाने त्यांचे निधन झाले, पण काम थांबले नाही. २००९ साली मुक्तांगणने स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग सुरू केला.

घरातले माणूस गेले की त्याच्या नावाने देवळाला पंखा किंवा शाळेला बक्षीस दिले जाते. आई किंवा बहिणीच्या स्मृतिनिधीतून एखाद्या स्त्रीच्या उपचारांचा खर्चही भागवता येईल. केंद्राची फी, प्रवासखर्च, ती दाखल असेपर्यंत मुले सांभाळणाऱ्या बाईंचा पगार, आणि घरी परतल्यावर शिवणयंत्र किंवा खोलीचे भाडे. हा शेवटचा खर्च बहुधा कोणाच्या ध्यानात येत नाही. पण हाताला काम आणि डोक्यावर छप्पर नसेल, तर पुन्हा जुन्या वाटेला लागण्याचा धोका असतो.

देणगी नोंदणीकृत संस्थेलाच द्यावी, पावती घ्यावी. निधीला दिवंगत व्यक्तीचे नाव जरूर द्यावे, पण मदत कोणाला मिळाली हे विचारू नये. नाव गुप्त राहील ही खात्री असेल, तरच ती पुढे येईल.

घरात असा प्रश्न असेल, तर रोजची दारू एकाएकी बंद करायला लावू नये. त्याने झटके येऊ शकतात. आधी डॉक्टरांना दाखवावे. १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. तिला बोल लावण्याआधी हा फोन करावा.