बर्फ कोणाचा, संधी कोणाची?

फिगर स्केटिंग हा आपल्या वाड्यावस्त्यांतला खेळ नव्हे. बुटाला पोलादी पाते लावायचे, बर्फाच्या मैदानावर संगीताच्या तालावर उड्या आणि गिरक्या घ्यायच्या आणि पंचांनी गुण द्यायचे, असा हा खेळ आहे. थंड प्रदेशातला आणि बऱ्यापैकी पैसेवाल्यांचा. मग त्याविषयी या स्तंभात लिहिण्याचे कारण काय, असा प्रश्न वाचकांना पडेल. कारण असे की, या खेळाच्या सर्वात मोठ्या मालिकेचे यजमान कोण, या प्रश्नावर गेली काही वर्षे जी अनिश्चितता माजली, तिच्यातून एक जुनीच गोष्ट नव्याने उघडी पडली. नियम कोण करतो, जागा कोण वाटतो आणि वाटणाऱ्याच्या स्वतःच्या ताटात किती पडते, हे प्रश्न ज्याने विचारायचे सोडले, त्याची जागा नेहमीच शेवटच्या पंगतीला असते.

ही मालिका म्हणजे 'ग्रां प्री'. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने ती १९९५ साली 'चॅम्पियन्स सिरीज' या नावाने सुरू केली आणि १९९८ पासून तिला आजचे नाव मिळाले. वर्षाला सहा देशांत सहा स्पर्धा होतात. एका खेळाडूला त्यातील जास्तीत जास्त दोन मिळतात. तेथे मिळालेल्या गुणांची बेरीज होते आणि प्रत्येक प्रकारातील पहिले सहा अंतिम फेरीला जातात. २००३ मध्ये जर्मनीच्या स्पर्धेच्या जागी चीनची स्पर्धा आली आणि तेव्हापासून अमेरिका, कॅनडा, फ्रान्स, रशिया, चीन आणि जपान अशी सहा नावे जवळजवळ पक्की झाली.

या सहा नावांकडे जरा डोळसपणे पाहा. त्यातील चार देश संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचे कायम सदस्य आहेत, नकाराधिकार हाती असलेले. उरलेले कॅनडा आणि जपान हे जी-७ या धनाढ्य राष्ट्रांच्या गटातले. म्हणजे जगाच्या राजकारणात ज्यांचा शब्द चालतो, बर्फावरही त्यांचाच शब्द चालत आला. जत्रेची पालखी दरवर्षी त्याच सहा वाड्यांसमोर थांबावी आणि बाकीच्या गावाने लांबून दर्शन घ्यावे, तसाच हा प्रकार होय.

यजमानपद म्हणजे नुसता मान नव्हे, हे नीट समजून घेतले पाहिजे. मानाचा प्रश्न असता तर त्यावर शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. एकेरीच्या स्पर्धेत साधारण बारा खेळाडू उतरतात आणि यजमान देशाला त्यात आपले तीनपर्यंत खेळाडू उतरवता येतात. ज्यांची क्रमवारी त्यांना आपोआप जागा मिळवून देत नाही, असे खेळाडूही यजमान संघटनेच्या निवडीने आत येतात. हिशेब सोपा आहे. सहा स्पर्धांच्या बहात्तर जागांपैकी अठरा, म्हणजे पाव हिस्सा, यजमानांच्या पदरात पडू शकतो. उलट छोट्या देशाच्या खेळाडूला एक जागा मिळाली तरी पुष्कळ झाले. त्याच्यापेक्षा दोन पावले मागे असलेला यजमान देशाचा खेळाडू घरच्या प्रेक्षकांसमोर खेळतो आणि हा मात्र घरी बसून निकाल वाचतो. याला गुणवत्ता म्हणायचे काय?

आता अनिश्चिततेकडे येऊ. २०१८ मध्ये चीनने बीजिंगच्या २०२२ च्या ऑलिम्पिकची तयारी पुढे करून आपली स्पर्धा सोडली. ती फिनलंडमध्ये हेलसिंकीला झाली. २०२० मध्ये कोरोनाने कॅनडा आणि फ्रान्सच्या स्पर्धा रद्द झाल्या आणि बीजिंगची अंतिम फेरीही झाली नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये चीनची स्पर्धा पुन्हा रद्द झाली आणि नोव्हेंबरमध्ये ती इटलीत तुरीन येथे भरवावी लागली. त्याच वर्षी ओसाकाची अंतिम फेरी, जपानने परदेशी प्रवाशांना दारे बंद केल्यामुळे, ऐन तोंडावर बुडाली.

यातील २०२० चे वर्ष विसरता कामा नये. प्रवासबंदीमुळे त्या वर्षी ज्या चार स्पर्धा झाल्या, त्यांत मुख्यत्वे त्या त्या देशातील किंवा तेथे सराव करणारे खेळाडू उतरले. याचा सरळ अर्थ असा की, ज्याच्या देशाकडे यजमानपद होते त्याला स्पर्धा मिळाली आणि ज्याच्या देशाकडे ते कधी येऊच दिले गेले नाही, तो बाहेर राहिला. यजमानपदाची जुनी वाटणी संकटात कोणाला तारते आणि कोणाला बुडवते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

त्यानंतर २०२२ आले. फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. मार्चमध्ये संघटनेने रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना बंदी घातली आणि रशियाची स्पर्धाही काढून घेतली. आक्रमक राष्ट्राच्या अंगणात जगाने नाचायला जाऊ नये, हे आम्हाला मान्य आहे. त्या वर्षी चीनचीही स्पर्धा होऊ शकली नाही. एका हंगामात सहापैकी दोन जागा रिकाम्या झाल्या. त्या इंग्लंडमधील शेफील्ड आणि फिनलंडमधील एस्पो या शहरांनी भरून काढल्या.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. जपानच्या माई मिहाराने शेफील्ड जिंकले, एस्पोही जिंकले आणि डिसेंबरमध्ये तुरीनची अंतिम फेरीसुद्धा जिंकली. तिचे ते यश ज्या दोन स्पर्धांवर उभे राहिले, त्या दोन्ही बदली म्हणून आलेल्या होत्या. शेफील्डमध्ये तिसरी आली ती जॉर्जियाची अनास्तासिया गुबानोवा आणि दोनच महिन्यांनी तीच युरोपची विजेती ठरली. या दोन जागा कोणी भरल्याच नसत्या तर? मूठभर देशांवर सगळी मालिका टांगून ठेवली की एका युद्धाने, एका साथीने वा एका सरकारच्या लहरीने खेळाडूचे आख्खे वर्ष वाया जाऊ शकते. खेळाडूचे खरे वय किती? जेमतेम आठदहा हंगाम. त्यातील एक गेला तर तो कोणी परत देत नाही.

यावर ठरलेले उत्तर येते: स्पर्धा भरवायला पैसा लागतो, दूरचित्रवाणी लागते, तिकिटे घेणारा प्रेक्षक लागतो, हे छोट्या देशांना झेपणार नाही. यात काहीच तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. जपानमधील स्पर्धा तेथील सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या नावाने १९७९ पासून चालते, तिचा पाया भक्कम आहे. परंतु तुरीनने काही आठवड्यांत तयारी केलीच ना? फिनलंडने आधी बदली म्हणून भार उचलला आणि २०२४ पासून 'फिनलंडिया ट्रॉफी' हीच मालिकेतील एक स्पर्धा झाली. आणि याच संघटनेची कनिष्ठ गटाची मालिका पाहा. २०२५ मध्ये ती बँकॉक, अंकारा, बाकू आणि अबू धाबीपर्यंत गेली. मुलांच्या स्पर्धेला ही शहरे चालतात, मग मोठ्यांच्या स्पर्धेला ती का चालू नयेत? क्षमता नाही असे म्हणणे सोपे असते. ज्याला संधीच दिली नाही त्याची क्षमता मोजली कोणी?

खरे दुखणे निर्णयाच्या पद्धतीत आहे. संघटना स्थापन झाली १८९२ साली आणि युरोपबाहेरचा पहिला अध्यक्ष, दक्षिण कोरियाचे जे युल किम, तिला मिळाला २०२२ मध्ये, तब्बल १३० वर्षांनी. यजमान ठरतात ते संघटनेच्या मंडळाच्या बैठकीत. बाहेर येते ते नाव. एकाला का घेतले आणि दुसऱ्याला का डावलले, याची कारणे खेळाडूंपर्यंत आणि प्रेक्षकांपर्यंत पोहोचत नाहीत. बंद दाराआड झालेले वाटप न्याय्य असेलही, पण ते न्याय्य आहे हे ताडून पाहण्याचे साधन लोकांच्या हाती नसते.

म्हणून मागण्या साध्या आहेत. सहापैकी किमान दोन जागा फिरत्या ठेवाव्यात आणि त्यांसाठी सर्व सदस्य देशांना अर्ज करता यावा. निकष लेखी असावेत आणि निवडीची कारणे जाहीर व्हावीत. दरवर्षी एक राखीव यजमान आधीच घोषित असावा, म्हणजे ऑगस्टमध्ये धावाधाव होणार नाही. यजमानाच्या तीन जागांपैकी एक काढून, ज्या देशांना कधीच यजमानपद मिळाले नाही त्यांच्या खेळाडूंसाठी राखून ठेवावी. जागा राखून ठेवण्याच्या कल्पनेने ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतील, त्यांना एवढेच विचारावे की, यजमानाच्या तीन जागा हे आजवरचे आरक्षणच नव्हे काय? फक्त ते सबळांचे होते, म्हणून त्याला कोणी ते नाव दिले नाही.

आपल्या देशाचा संबंध विचाराल तर तो लांबचा असला तरी आहे. डेहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बर्फाचे बंदिस्त मैदान बांधले गेले आणि पुढे ते वर्षानुवर्षे बंद पडून राहिले. २०२५ मध्ये ते पुन्हा सुरू झाले आणि ऑगस्टमध्ये तेथे शॉर्ट ट्रॅक स्केटिंगची आशियाई खुली स्पर्धा झाली. शॉर्ट ट्रॅकही याच आंतरराष्ट्रीय संघटनेच्या अखत्यारीतला प्रकार. ग्रां प्री भारतात यावी असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. पण बाहेरची एक स्पर्धा आली की वर्षानुवर्षे बंद असलेले दार उघडते, वीज येते, यंत्रे चालू होतात आणि गावातली चार पोरे आत डोकावतात, हे डेहराडूनने दाखवून दिले आहे. यजमानपद वाटून घेतले तर असे दार आणखी कितीतरी देशांत उघडेल. ते सहा घरांतच फिरत राहिले, तर बाकीच्या देशांतली मुले बर्फ पडद्यावरच पाहत राहतील आणि त्यांच्यात क्षमता नव्हती, असा निष्कर्ष पुन्हा त्यांच्याच माथी मारला जाईल.