गोदीतील मुळाक्षरे

शाळा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे चार भिंती, एक फळा आणि तासातासाला वाजणारी घंटा उभी राहते. विद्या मिळते ती वर्गात आणि काम असते ते वर्गाबाहेर, असा आपला पक्का समज आहे. शिकलेल्याने हात मळवावयाचे नाहीत आणि हात मळवणाऱ्याने पुस्तकाच्या वाटेला जावयाचे नाही, ही वाटणी आपल्याकडे इतकी मुरली आहे की तीत काही खटकण्यासारखे आहे असेही आपल्याला वाटेनासे झाले आहे. या समजुतीला छेद देणारे एक उदाहरण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील बाल्टिमोर या बंदरात आहे. ते दूरचे आहे खरे. पण त्यातून निघणारे प्रश्न आपल्या महाविद्यालयाच्या दारापर्यंत येऊन पोहोचतात, म्हणून हा लेखप्रपंच.

बाल्टिमोरच्या धक्क्याला लागून फेल्स पॉइंट नावाची जुनी वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकात येथे जहाजे बांधली जात. १८२६ साली या वस्तीतील एका घरी एक गुलाम मुलगा आणला गेला. पुढे फ्रेडरिक डग्लस या नावाने तो जगाला माहीत झाला. मालकिणीने त्याला प्रथम हौसेने मुळाक्षरे शिकवली. तिच्या नवऱ्याला ते कळताच शिकवणी बंद झाली, कारण वाचू लागलेला गुलाम गुलाम राहत नाही हे मालकाला पुरते ठाऊक होते. मग या मुलाने आपली शाळा गोदीतच शोधली. जहाजासाठी तासलेल्या तुळयांवर सुतार खडूने खुणा करीत. डाव्या बाजूच्या तुळईवर एक अक्षर, उजव्या बाजूच्या तुळईवर दुसरे, पुढच्या आणि मागच्या भागांसाठी आणखी दोन. ही चार अक्षरे पाहून पाहून तो लिहावयास शिकला. मग वस्तीतील मुलांना, 'याहून जास्त अक्षरे येत असतील तर लिहून दाखवा', असे आव्हान देऊन त्याने बाकीची अक्षरे त्यांच्याकडून काढून घेतली. कुंपण ही त्याची पाटी आणि खडूचा तुकडा ही पेन्सिल. १८४५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात त्याने हे सारे स्वतः लिहून ठेवले आहे.

मोठा झाल्यावर त्याच गोदीत तो जहाजाच्या फळ्यांमधील सांधे बुजवण्याचे काम शिकला. जुन्या दोरखंडांचे पिंजलेले धागे फटींत ठासून वर डांबर ओतावयाचे, की पाणी आत शिरत नाही. हे काम दिसते सोपे, पण एक सांधा कच्चा राहिला तर सगळे जहाज धोक्यात. डग्लस या कामात तरबेज झाला. मात्र आठवड्याची सगळी मजुरी त्याला मालकाच्या हातावर ठेवावी लागे. १८३८ साली खलाशाचा पोशाख चढवून आणि एका खलाशाचे ओळखपत्र उसने घेऊन तो उत्तरेकडे निसटला. गोदीत वाढल्यामुळे खलाशाची भाषा त्याला येत होती, तीच या प्रसंगी उपयोगी पडली. उत्तरेकडील न्यू बेडफर्ड या बंदरात तो पोहोचला, तेव्हा तेथील गोऱ्या कारागिरांनी काळ्या माणसाबरोबर सांधे बुजवावयास नकार दिला. स्वातंत्र्य मिळाले, कसब हाती होते. तरी त्या कसबाचे काम मात्र मिळाले नाही. या एका प्रसंगात पुढच्या दीडशे वर्षांचा प्रश्न सामावलेला आहे.

बाल्टिमोरमध्ये तो प्रश्न १८६५ साली पुन्हा पेटला. मेरीलँड राज्यात गुलामगिरी १८६४ मध्येच कायद्याने संपली होती. पुढच्याच वर्षी गोऱ्या कामगारांनी संप करून काळ्या कारागिरांना गोद्यांतून काढावयास लावले. तेव्हा आयझॅक मायर्स हा स्वतः सांधे बुजवण्याचे काम शिकून वर आलेला माणूस पुढे झाला. दुसऱ्याच्या गोदीत जागा नसेल तर आपली गोदी उभारू, असे त्याचे म्हणणे. पाच पाच डॉलरचे भाग विकून काळ्या समाजातून दहा हजार डॉलर जमले आणि १८६६ साली त्यांच्या मालकीची गोदी सुरू झाली. तेथे सुमारे तीनशे काळ्या कामगारांना काम मिळाले. पुढे गोऱ्या कामगारांनाही तिने कामावर घेतले, हे विशेष. जमिनीचे वाढते भाडे आणि लोखंडी जहाजांचा आलेला जमाना यांपुढे ती १८८४ नंतर टिकली नाही. तरी अठरा वर्षे ती चालली. सहकाराची महती आपल्या भागात कोणाला सांगावयाची गरज नाही. पण गुलामगिरीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसांनी भागभांडवल उभारून गोदी चालवली, ही गोष्ट आपल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीही ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता आजच्या काळाकडे येऊ. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाल्टिमोरची कंबर मोडली. माल पेट्यांत भरून यंत्राने चढवू-उतरवू लागल्यावर धक्क्यावरची हजारो माणसांची हमाली गेली. गोद्या बंद पडल्या. स्पॅरोज पॉइंट येथील पोलादाचा प्रचंड कारखाना २०१२ साली थंडावला. १९५० च्या खानेसुमारीत साडेनऊ लाखांच्या घरात असलेली शहराची वस्ती २०२० मध्ये पाच लाख पंच्याऐंशी हजारांवर आली. बंदराचा जुना भाग मात्र १९८० नंतर दुकाने, उपाहारगृहे आणि मत्स्यालय यांनी सजला. जेथे घाम गाळला जात होता तेथे लोक हवा खावयास येऊ लागले. त्या झगमगाटापासून थोड्याच अंतरावरील मोहल्ल्यांत रिकामी घरे आणि बेकार तरुण राहिले.

अशा वेळी, १९८५ साली, 'लिव्हिंग क्लासरूम्स' या संस्थेची सुरुवात झाली. नावाचा अर्थ 'जिवंत वर्ग'. संस्थेने आरंभी 'लेडी मेरीलँड' नावाचे लाकडी शिडाचे जहाज बांधले. चेसापीक उपसागरात एकेकाळी कालवे आणि शेतमाल वाहून नेणाऱ्या, पुढे नामशेष झालेल्या एका जुन्या जातीच्या जहाजाची ती प्रतिकृती. शाळेतील मुले या जहाजावर चढतात, शिडाचे दोर ओढतात, जाळे टाकून पाण्यातील जीव पाहतात, पाण्याची परीक्षा करतात. दोर ओढताना पदार्थविज्ञान, नकाशा पाहताना भूगोल आणि पाण्याचा नमुना घेताना रसायनशास्त्र शिकावयास मिळते. १९०१ साली बांधलेली 'सिग्सबी' ही कालवे धरणारी शिडाची होडीही या संस्थेने नव्याने बांधून काढली आणि तिचाही वर्ग केला.

दुसरे काम रोजगार-शिक्षणाचे. ज्या मुलांचे पाऊल वाकडे पडले आणि ज्यांचे नाव न्यायालयाच्या दप्तरी लागले, त्यांना सुतारकाम, होड्यांची दुरुस्ती आणि त्याबरोबर राहिलेला शालेय अभ्यास शिकवावयाचा. तुरुंगातून सुटून आलेल्या प्रौढांना शहरातील पडीक जागांची साफसफाई, घरांची डागडुजी अशी मजुरीची कामे देऊन पुन्हा उभे करावयाचे. तिसरे काम सागरी वारशाचे. २००६ साली फेल्स पॉइंट येथेच डग्लस आणि मायर्स या दोघांच्या नावाने संस्थेने एक सागरी उद्यान व संग्रहालय उघडले. बंदरात उभी असलेली जुनी जहाजे सांभाळणारी संस्थाही पुढे तिच्याशी जोडली गेली.

ही तीन कामे तीन वेगळ्या संस्थांनी केली असती तर बिघडले काय असते? माझ्या मते बरेच बिघडले असते, आणि या लेखाचा मुद्दा तोच आहे. नुसते संग्रहालय म्हणजे काचेआडचा अभिमान. तो पाहून माणूस घरी जातो आणि विसरतो. नुसते रोजगार-शिक्षण म्हणजे हातात रंधा दिला, पण हा रंधा पूर्वी कोणाच्या हातात होता हे सांगितलेच नाही. आणि नुसते वर्गशिक्षण कसे असते हे आपण रोज अनुभवतोच! पण न्यायालयातून आलेला मुलगा जेव्हा होडीची फळी बसवतो, आणि याच धक्क्यावर याच कामाने एक गुलाम अक्षरे शिकला हे त्याला कळते, तेव्हा त्या फळीला वेगळा अर्थ येतो. आपण कोणाच्या तरी दयेवर शिकत नसून एका जुन्या कसबाचे वारस आहोत, ही जाणीव बेकारी-भत्त्याच्या कोणत्याही रकमेने देता येत नाही.

यावर आक्षेप घेतले जातील, आणि ते घ्यावेतही. लाकडी होड्यांचा धंदा बुडाला असताना मुलांना होड्या कशाला शिकवावयाच्या, हा पहिला. त्याला उत्तर असे की होडी हे येथे साधन आहे. वेळेवर येणे, माप अचूक घेणे, चार जणांत मिळून काम करणे आणि चुकलेली फळी पुन्हा बसवणे, या गोष्टी ज्याला आल्या त्याला घरबांधणी येईल, यंत्रकामही येईल. होडीचा एक गुण मात्र निराळा आहे. वर्गातील उत्तर चुकले तर मास्तर खूण करतो, होडीचा सांधा चुकला तर पाणीच आत येते. तिथे वशिला चालत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. हजारो माणसांना पोसणारा कारखाना बंद व्हावा, आणि त्याच्या जागी शेकड्यांनी माणसे घडवणारी धर्मादाय संस्था यावी, ही भरपाई म्हणावयाची का? नव्हे. ही भरपाई नाही आणि तशी ती मानूही नये. देणग्या आणि सरकारी अनुदाने यांवर चालणारे काम देणाऱ्याच्या मर्जीने वाढते आणि आटते. अशा संस्थेकडे बोट दाखवून सरकार किंवा कारखानदार आपली जबाबदारी झटकू लागले, तर ते आभाळ फाटल्यावर ठिगळ दाखवण्यासारखे होईल. मायर्सने दाखवलेली वाट याहून वेगळी होती. कामगार स्वतःच गोदीचा मालक होता. ज्याच्या नावाने संग्रहालय उभारले त्याचा हा धडा उद्याच्या प्रशिक्षणात कोठे तरी उतरला पाहिजे, असे मला वाटते.

तिसरी गोष्ट वारशातील खरेपणाची. बाल्टिमोरच्या बंदरात 'कॉन्स्टेलेशन' नावाची शिडाची युद्धनौका उभी आहे. कित्येक वर्षे ती १७९७ ची सुप्रसिद्ध नौका म्हणून दाखवली जाई, आणि तशी दिसावी म्हणून तिचे रूपही बदलले गेले होते. अखेर संशोधनाने सिद्ध झाले की ही १८५४ साली बांधलेली दुसरीच नौका आहे. शहराने ते मान्य केले आणि १९९९ पर्यंत तिला तिचे खरे रूप परत दिले. यात मानहानी काही झाली नाही, उलट तिची खरी कहाणी वर आली. १८६० साली आफ्रिकेच्या किनाऱ्यापाशी याच नौकेने 'कोरा' हे गुलामवाहू जहाज पकडून ७०५ माणसांची सुटका केली होती. सुटलेली माणसे आपापल्या गावी नव्हे तर लायबेरियाला उतरवली गेली, हेही तितकेच खरे. वयाने मोठी पण खोटी कीर्ती सोडल्यावरच वयाने धाकटी पण खरी कीर्ती हाती लागली. इतिहासावरून हमरीतुमरीवर येण्याची आपल्याला सवय आहे, म्हणून हे उदाहरण मुद्दाम देतो.

आणि आपले काय? इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे 'त्रिंकोमाली' ही जुनी युद्धनौका आजही पाण्यावर तरंगते आहे. ती १८१७ साली मुंबईच्या गोदीत, मलबारच्या सागवानातून, जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधली गेली. वाडियांचे नाव राहिले, ते योग्यच. पण त्या सागवानावर ज्यांनी तासणी चालवली आणि ज्यांनी सांधे बुजवले, त्यांची नावे आपल्यापैकी कोणाला सांगता येतील? अगदी अलीकडे, मे २०२५ मध्ये, कारवारला 'कौंडिण्य' हे नौदलाचे शिडाचे जहाज दाखल झाले. अजिंठ्याच्या एका चित्रावरून त्याचा आराखडा घेतला, गोव्यात ते बांधले, आणि फळ्या खिळ्यांनी न जोडता काथ्याच्या दोरीने शिवल्या. शिवणारे कारागीर केरळचे. त्यांचे प्रमुख बाबू शंकरन. ही विद्या अजून हातात असलेली माणसे थोडी आहेत. ती पुस्तकात उतरवून जपता येईल, पण शिवता येईल ती हातांनीच, आणि हात घडतात ते दुसऱ्या हातांशेजारी बसून.

कारवार आपल्याला दूर नाही आणि गोवाही नाही. आपल्या सहलीत किनारा येतो, छायाचित्रे निघतात, मासळीचे जेवण होते. त्याच किनाऱ्यावर होडी बांधणाऱ्या सुताराकडे एक दिवस बसून तो तुळई कशी निवडतो, बाक कसा देतो, माप कोणत्या शब्दांत सांगतो हे टिपून घेतले तर? मराठी, कोंकणी आणि कानडी या तिन्ही भाषांतले शब्द एका होडीत सापडतील, आणि या नियतकालिकाच्या दोन्ही विभागांना पुरून उरेल एवढा मजकूर जमेल. त्याला इतिहास म्हणावे, भाषाशास्त्र म्हणावे की गणित, ते प्राध्यापकांनी ठरवावे. मात्र त्या दिवशी त्याला त्याची रोजी मानाने द्यावी, कारण त्या दिवसापुरता तो आपला शिक्षक असेल.

डग्लसच्या तुळईवरची ती चार अक्षरे सुतारांनी त्याच्यासाठी लिहिली नव्हती. ती कामासाठी होती. शिकणाऱ्याने त्यांतून विद्या काढून घेतली. अशी अक्षरे आपल्याही भोवती, प्रत्येक कारखान्यात आणि प्रत्येक सुताराच्या अंगणात, लिहिलेली आहेत. ती वाचावयाची तर वर्गाचे दार आतून उघडावे लागेल.